डबीने खरे बोलावे

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आमचे एक तरुण स्नेही राहतात. रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी आणि सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये नाना खटाटोप, असा त्यांचा स्वभाव. एके दिवशी त्यांचा फोन आला. "काका, शनिवारी चहाला या. मोटारीला लावायचं मेण तयार केलंय. अगदी नैसर्गिक. माल झकास झालाय, फक्त डबी कशी वाटते तेवढं सांगा."

मी आयुष्याची तीस वर्षे डबे, बाटल्या आणि झाकणे यांच्या धंद्यात घालवली. घरात नवी वस्तू आली की आत काय आहे ते पाहण्याआधी मी तिचे झाकण पाहतो आणि त्याबद्दल बायकोची बोलणीही खातो. तेव्हा हे आमंत्रण म्हणजे बैलाला गवताचे आमंत्रण. मी गेलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचेची गुटगुटीत बरणी ठेवली होती. सोनेरी झाकण. पांढऱ्या कागदावर नाजूक अक्षरांत 'नॅचरल' असा शब्द. खाली एक मधमाशी, एक ताडासारखे पान आणि अर्धा नारळ. बरणी पाहून मन प्रसन्न झाले. तेवढ्यात आमच्या स्नेह्यांच्या मातोश्री बाहेर आल्या. त्यांना सगळे माई म्हणतात. त्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बरणीकडे पाहून त्या म्हणाल्या, "चांगलं आहे हो हे औषध. दोन दिवस गुडघ्यांना लावतेय."

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

"आई, अगं ते गाडीचं मेण आहे!"

"गाडीचं? मग ओट्यावर कशाला ठेवलंस? वर झाडाचं पान, मधमाशी. मला वाटलं, इथलं काही आयुर्वेदिक असेल. आणि टर्पेंटाइनचा वास मी ओळखते बरं का! आमच्याकडे पाठ धरली की तेच चोळायचे. जरा चिकट आहे, पण ऊब येते."

सगळे पोट धरून हसलो. हसणे ओसरते आहे तोच आमच्या स्नेह्यांची साडेतीन वर्षांची मुलगी खुर्चीवर चढली, बरणीत नाक घालून म्हणाली, "आजी, मध?" आणि तिने बोट आत घातले. सूनबाईंनी झडप घालून तिचा हात धरला. मग मात्र कोणी हसले नाही.

चहा घेताना मी एवढेच म्हणालो, "माल झकास असेल. पण ही बरणी खोटे बोलते आहे."

मेणाचे कूळ

बरणीत काय होते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. मोटारीच्या नैसर्गिक मेणातला राजा म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये सेआरा, पियाउई या भागांत एका जातीचे ताड वाढतात. कोरड्या हवेत पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून त्या झाडाच्या पानांवर मेणाचा थर येतो. पाने कापून वाळवतात, झोडपतात आणि जी भुकटी झडते ती वितळवून गाळतात. विस्कॉन्सिनमधल्या रासीन गावच्या एस. सी. जॉन्सन कंपनीला या मेणाची एवढी गरज होती की, कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन १९३५ साली सिकोर्स्की बनावटीचे, पाण्यावरही उतरणारे विमान घेऊन थेट ब्राझीलला ही झाडे पाहायला गेले. त्यांच्या मुलाने १९९८ मध्ये तशाच विमानाच्या प्रतिकृतीतून तीच वाट पुन्हा धरली. आपल्याकडे वडिलांच्या मागे मुलगा काशीयात्रेला जातो, त्यातलाच हा प्रकार.

कार्नोबा वितळायला ८२ ते ८६ अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवरही त्याचा थर टिकतो. पण तेवढेच ते कडक आणि ठिसूळ असते, नुसते चोळता येत नाही. त्यात ६२ ते ६४ अंशांना वितळणारे मधमाशीचे मेण घालतात, थोडे तेल घालतात आणि सगळे मऊ राहावे म्हणून एखादे उडून जाणारे द्रावण घालतात. मेण गाडीवर फासले की द्रावण उडते आणि थर मागे राहतो. आमच्या स्नेह्यांनी द्रावण म्हणून टर्पेंटाइन घेतले होते. "पाइनच्या झाडाचंच ना ते? म्हणजे नैसर्गिकच," हे त्यांचे म्हणणे. म्हणणे खरे होते. घोळ तिथेच होता.

डबीचे पहिले काम

डबीचे पहिले काम आतला माल सांभाळणे. दिसायला सोपे वाटते. पण हा माल मोठा हट्टी. त्यातले द्रावण सतत बाहेर पळायला बघते आणि जाता जाता डबीलाही खाते. थर्मोकोल ज्याचा करतात त्या पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक डब्या दिसायला सुरेख. पण टर्पेंटाइन किंवा संत्र्याच्या सालीचे तेल त्यांच्याशी गाठ पडले की त्या धुरकट होतात, मऊ पडतात. दुधाचे कॅन ज्या पॉलिथिलीनचे असतात ते टिकते, पण त्याच्या भिंतीतून वाफ हळूहळू झिरपते आणि काही महिन्यांनी डबीचे पोट आत जाते. काचेतून काही झिरपत नाही. पण हात तेलकट, खाली गॅरेजची सिमेंटची जमीन आणि जवळपास अनवाणी पोरे. काचेला तिथे जागा नाही.

मग राहिला पत्रा. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत जाण्यापूर्वी बूट घासले आहेत त्यांना पॉलिशची डबी आठवत असेल. बुटकी, रुंद, आणि बाजूला झाकण उचकटायची ती छोटी कळ. रिकामी झाली की तिचा तराजू करून आम्ही दुकान-दुकान खेळायचो. ती डबी कोण्या शहाण्याने विचार करूनच केली होती. पत्र्यातून वाफ जात नाही. तोंड रुंद, त्यामुळे फडके किंवा स्पंज सपाट फिरतो. बाजू सरळ, म्हणून शेवटचे मेणही कोपऱ्यात अडकत नाही. गोष्ट एकच सांभाळायची. मेणात पाणी मिसळलेले असेल तर साधा पत्रा गंजतो. त्याला आतून लेप लागतो किंवा ॲल्युमिनियम घ्यावे लागते. आणि कडेला पोचा आला की झाकण नीट बसत नाही, हवा शिरते आणि मेण सुकून त्याला शेतातल्यासारख्या भेगा पडतात.

अमेरिकेत आणखी एक अडचण, ती म्हणजे हवा. एकच डबी जानेवारीत मिनेसोटाच्या गोठलेल्या गॅरेजमध्ये बसते आणि जुलैत ॲरिझोनातल्या मोटारीच्या डिकीत. बंद मोटार उन्हात पन्नास अंशांच्या वर सहज तापते. खोबरेल तर चोवीस अंशांनाच पातळ होते. अशा वेळी तेल वर येते, संध्याकाळी पुन्हा थिजते, आणि दोन-चार वेळा असे झाले की मऊ मेणाचा रवा होतो. तूप कणीदार झालेले चालते. मोटारीचे मेण नव्हे.

मी आमच्या स्नेह्यांना घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षा सांगितली. चार तऱ्हेच्या डब्या भरायच्या. त्यांतल्या काही मोटारीच्या डिकीत, काही गॅरेजच्या फळीवर ठेवायच्या. दर रविवारी प्रत्येक डबी नाजूक काट्यावर तोलायची आणि वहीत लिहायची. जिचे वजन घटते तिच्यातून द्रावण पळते आहे. कारखान्यांतही मूळ रीत हीच. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९५२ पासून आणि मुंबईच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत १९६६ पासून वेष्टनाचे जे शास्त्र शिकवतात, त्याचा पाया असाच आहे. तोला, तापवा, गोठवा, आपटा आणि लिहून ठेवा.

कासवाची हुशारी

डबीचे दुसरे काम म्हणजे आपण कोण ते सांगणे. त्यासाठी शिकागोतच दोन नामांकित उदाहरणे आहेत. पहिले सिमोनाइझ. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या या कंपनीच्या पत्र्याच्या डब्या इतक्या घरोघर गेल्या की 'सिमोनाइझ करणे' म्हणजे मेण लावून चकाकवणे, असे क्रियापदच अमेरिकन शब्दकोशांत शिरले.

दुसरे टर्टल वॅक्स. बेन हर्श नावाच्या गृहस्थाने १९४०च्या दशकात घरच्या न्हाणीघरातल्या टबात पॉलिश घोटायला सुरुवात केली. रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीचा एकच मडगार्ड तो चकाकवून ठेवायचा आणि मालक परत येईपर्यंत वाट पाहायचा, अशी आठवण कंपनीच्या इतिहासात सांगतात. मालक येऊन पाहतो तो मोटारीचा एक भाग आरशासारखा आणि बाकीची मोटार मळकट. बाटली विकली गेलीच! त्या वेळी मालाचे नाव होते प्लास्टोन. विस्कॉन्सिनमधला टर्टल क्रीक नावाचा ओढा पाहून हर्शला कासव सुचले. कासवाची पाठ कठीण, पाणी निथळून जाणारी.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव असते, तेव्हा आपल्याला या प्राण्याचे अगत्य सांगायला नको. पण हर्शच्या कासवात धंद्याची एक मोठी शिकवण आहे. त्याने बाटलीवर मेण कशाचे ते चितारले नाही. मेण काय करते ते चितारले. आमच्या स्नेह्यांनी नेमके उलटे केले होते. मधमाशी, पान, नारळ ही सारी घटकांची चित्रे. हीच चित्रे मधाच्या बाटलीवर असतात, खोबरेलावर असतात, मलमावर असतात. मग माईंचे काय चुकले? डबीवर चित्र कामाचे हवे. जी वस्तू चुकून तोंडात जाऊ शकते तिच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नये.

'नॅचरल'च्या खाली 'डेंजर'

आता तिसरे काम. डबीने माणसाला मालापासून सांभाळायचे. १९६० च्या घातक पदार्थांसंबंधीच्या संघीय कायद्यान्वये घरगुती वापराच्या मालात वजनाने दहा टक्के किंवा जास्त टर्पेंटाइन असेल तर वेष्टनावर 'डेंजर' हा शब्द आणि गिळल्यास घातक किंवा प्राणघातक ठरेल, असा इशारा छापावाच लागतो. टर्पेंटाइन किंवा त्यासारखे पातळ तेल गिळताना ठसका लागून फुप्फुसात गेले तर रासायनिक न्यूमोनिया होतो. मुलांना याचा धोका सर्वांत जास्त. झाड नैसर्गिक असले म्हणून फुप्फुस त्याला सूट देत नाही.

त्यापुढे १९७० चा विषबाधा-प्रतिबंधक वेष्टनांचा कायदा. टर्पेंटाइन दहा टक्के किंवा जास्त असलेला माल पातळ असेल तर मुलांना उघडता न येणारे झाकण सक्तीचे. २००१ च्या नियमाने मोटारींची पातळ रसायनेही या कक्षेत आणली. घट्ट लगदा मात्र सुटतो, कारण तो घोटाघोटाने फुप्फुसात उतरत नाही. म्हणजे मेण पातळ करायचे की घट्ट, यावर झाकण कोणते ते ठरते. माल आधी आणि डबी मग असा आमच्या स्नेह्यांचा हिशेब होता. खरे तर दोन्ही एकाच वेळी ठरवायचे असतात.

अशा झाकणांची परीक्षा कशी होते तेही ऐकण्यासारखे आहे. ४२ ते ५१ महिन्यांची मुले बसवतात. हातात बंद डबा देतात, पाच मिनिटे. मग मोठे माणूस डबा उघडून दाखवते, दात वापरलेत तरी चालेल असे सांगते, आणि आणखी पाच मिनिटे देते. पहिल्या पाच मिनिटांत शंभरांतल्या किमान पंचाऐंशी मुलांना आणि शेवटी किमान ऐंशी मुलांना झाकण उघडता येता कामा नये. दुसरीकडे ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी नव्वद टक्के लोकांना तेच झाकण उघडता आले पाहिजे. नातीला न उघडावे, आजीला उघडावे. झाकण करणाऱ्याचे कसब ते हेच!

हे सारे सांगितल्यावर आमचे स्नेही कळवळून म्हणाले, "काका, वर 'नॅचरल' आणि खाली 'डेंजर' असं लिहिलं तर घेईल कोण? निम्मी विक्री त्या नावावर आहे."

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण उत्तर त्यांच्याच घरात, खुर्चीवर चढून बसले होते. शिवाय या शब्दावर सरकारचीही नजर असते. जाहिरातींतल्या पर्यावरणविषयक दाव्यांबद्दल संघीय व्यापार आयोगाने १९९२ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०१२ मध्ये ती सुधारली. पुरावा नसता 'बिनविषारी' म्हणता येत नाही, मोघम 'पर्यावरणस्नेही' म्हणता येत नाही. 'नॅचरल' शब्दाची व्याख्या आयोगाने केलेली नाही. पण २०१६ मध्ये, कृत्रिम घटक घालून 'ऑल नॅचरल' असे मिरवणाऱ्या काही प्रसाधन-कंपन्यांवर त्याने कारवाई केली. आमच्या स्नेह्यांचा माल तसा नव्हता. त्यांचा शब्द खरा होता, फक्त ऐकणाऱ्याला तो 'निर्धोक' असा ऐकू येत होता. खऱ्या शब्दाने दिशाभूल झाली तर ती दिशाभूलच.

रिकाम्या डब्याचे दुसरे आयुष्य

आपल्या घरांबद्दल एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. मराठी माणूस अमेरिकेत कितीही वर्षे राहो, चांगला डबा त्याच्याने टाकवत नाही. दह्याच्या डब्यात आमटी, आइस्क्रीमच्या डब्यात चकल्या, लोणच्याच्या बरणीत हळद. फ्रिज उघडल्यावर वरच्या नावावर विश्वास ठेवील तो फसला. ही काटकसर मला प्रिय आहे. आमच्या आयांनी संसार असेच केले. पण या सवयीमुळेच काही डबे फार देखणे किंवा फार घरगुती करू नयेत. मेणाची बरणी लोणच्याच्या बरणीसारखी दिसली तर रिकामी झाल्यावर ती धुऊन स्वयंपाकघरातच येणार. टर्पेंटाइनचा वास काचेतून जातो, झाकणाच्या आतल्या चकतीतून जात नाही. याहून वाईट म्हणजे उलटा प्रकार. गॅरेजमधले पातळ रसायन उरले म्हणून ते सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणे. हे मी सुशिक्षित घरांत पाहिले आहे. ते कधीही करू नका.

आणि दुर्दैवाने एखाद्या मुलाने असे काही गिळलेच तर उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर ९११. एरवी विषबाधा केंद्राचा देशभर चालणारा विनामूल्य क्रमांक १-८००-२२२-१२२२. डबी हातात घेऊनच फोन करावा, कारण समोरचा पहिला प्रश्न "वर काय लिहिलं आहे?" हाच विचारतो. त्या क्षणी डबीने खरे बोलणे म्हणजे काय ते कळते.

माईंची परीक्षा

सप्टेंबरअखेर आमचे स्नेही नवी डबी घेऊन घरी आले. पत्र्याची, बुटकी, रुंद. झाकण आट्यांचे आणि घट्ट. कायद्याने सक्ती नव्हती, तरी त्यांनी ते घेतले. रंग गर्द निळा. वर मोटारीच्या बॉनेटचे मोठे चित्र आणि त्यावर निथळणारे पाण्याचे थेंब. मधमाशी गेली, नारळ गेला. मधाचा सुगंध घातला होता तोही गेला. 'डेंजर' हा शब्द दर्शनी बाजूवर स्वच्छ वाचता येईल असा. 'नॅचरल' शब्द पुढून काढून मागे घटकांची साधी यादी: कार्नोबा, मधमाशीचे मेण, खोबरेल, टर्पेंटाइन. ज्याला नैसर्गिक हवे तो यादी वाचून समजेल. बहुतेक राज्यांच्या वजनमापाच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन दर्शनी बाजूच्या खालच्या भागात औंसांत आणि ग्रॅममध्ये. काळ्या रेघांचा पट्टा तळाला. कागदाला तेलाचे डाग पडत होते म्हणून लेबल प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर छापलेले. टर्पेंटाइनचे फडके घासून शाई टिकते का तेही पाहिले होते.

"विक्री?" मी विचारले.

"मोटारींच्या मेळाव्यात बरी झाली. बरणी पाहून यायच्या त्या बायका आल्या नाहीत. पण गाडी पुसणारे आले. पुन्हा मागितलं त्यांनी."

मी म्हणालो, "अजून एक परीक्षा राहिली आहे."

माई दिवाणखान्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. काहीही न सांगता मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, झाकण फिरवून उघडले, वास घेतला आणि पुन्हा घट्ट लावले.

"हे काय आहे, माई?"

"गाडीचं काहीतरी दिसतंय," त्या म्हणाल्या, "हे घरात कशाला आणलंत? पोर आहे घरात. वर ठेवा गॅरेजात."

आमच्या स्नेह्यांनी डबी उचलली आणि गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. दसऱ्याला तीच काढून त्यांनी मोटार चकाकवली. माईंनी तिला हळदकुंकू वाहिले, नारळ वाढवला आणि मग मेण लावलेल्या बॉनेटवरचे कुंकू एका फडक्यात, डाग न पडता निघाले.